विजेवर चालणाऱ्या जहाजाची वीज वितरण यंत्रणा कशी आखावी: फॉल्टच्या यादीपासून ब्लॅकआउट चाचणीपर्यंत

जमिनीवरच्या कारखान्यामागे ग्रिड उभे असते. फॉल्ट (शॉर्ट सर्किटसारखा बिघाड) झाला की ते भरपूर करंट पुरवते, नेमका ब्रेकर पडतो आणि उरलेला कारखाना चालू राहतो. जहाजावर स्रोत मोजका असतो, आणि वीज गेली की प्रोपेलरबरोबर सुकाणूही जाते. म्हणून आराखड्याचा पहिला प्रश्न असा: कुठलाही एक भाग गेला तर काय चालू राहिले पाहिजे? किलोवॅटचा हिशोब त्यानंतर.

पुढची सगळी आकडेमोड एका उदाहरणावर केली आहे. दोन धक्क्यांमध्ये ये-जा करणारी, फक्त बॅटरीवर चालणारी फेरीबोट. दोन्ही टोकांना 750 किलोवॅटचा एकेक थ्रस्टर (वळवता येणारे प्रोपेलर-यंत्र). फेरी 25 मिनिटांची, धक्क्यावर थांबा 10 मिनिटांचा. चार्जिंगचा प्लग जोडण्या-काढण्याचा वेळ वजा जाता चार्जिंगला 8 मिनिटे हातात. दिवसाला 20 फेऱ्या.

आधी फॉल्टची यादी

सिंगल लाइन डायग्राम (सगळी यंत्रणा एकेरी रेषांनी दाखवणारा नकाशा) काढण्याआधी एक तक्ता करा. डावीकडे निकामी होऊ शकणारी प्रत्येक वस्तू: बॅटरीची एक खोली, एक बसबार (वीज वाटणारी मुख्य पट्टी, पुढे नुसते ‘बस’), एक ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारा कन्व्हर्टर), एक इन्व्हर्टर (डीसीचे एसी करणारा), कूलिंगचा एक पंप, 24 व्होल्टचा एक पुरवठा, नेटवर्कचा एक स्विच. उजवीकडे ती गेल्यावर काय उरते. या बोटीसाठी उत्तर असे हवे: काहीही एक गेले तरी किमान एक थ्रस्टर, त्याचे स्टिअरिंग आणि निम्मे हॉटेल लोड (दिवे, पंप, वातानुकूलन) चालू राहते. त्यासाठी दोन बॅटरी खोल्या, दोन डीसी बस, मध्ये एक बस-टाय (दोन्ही बस जोडणारा-तोडणारा स्विच), आणि प्रत्येक बसवर एक थ्रस्टर व एक हॉटेल इन्व्हर्टर.

इथपर्यंत बहुतेकांचे बरोबर येते. घोटाळा लहान वस्तूंत होतो. दोन्ही ड्राइव्ह वेगवेगळ्या बसवर आहेत, पण दोघांचे कूलिंग पंप एकाच 400 व्होल्टच्या बोर्डवर. तो बोर्ड गेला की दोन-तीन मिनिटांत दोन्ही ड्राइव्ह तापून बंद. किंवा बस-टायच्या कंट्रोलला 24 व्होल्ट फक्त डाव्या बाजूने येतात. डावी बाजू गेली की टाय उघडायची आज्ञा द्यायलाच वीज नाही. म्हणून यादीत मदतनीस यंत्रणा आधी लिहा, मोठी यंत्रे नंतर. 24 व्होल्टच्या प्रत्येक महत्त्वाच्या कंट्रोलरला दोन पुरवठे डायोडमधून द्या आणि त्यातला एक गेला तर अलार्म वाजेल याची सोय करा. नाहीतर पहिला पुरवठा सहा महिने बंद असल्याचे दुसरा गेल्यावर कळते.

ऊर्जेचा हिशोब आणि बॅटरीचा आकार

प्रवासात दोन्ही शाफ्ट मिळून 900 किलोवॅट लागतात असे धरू. गिअर, मोटर आणि ड्राइव्ह मिळून कार्यक्षमता 0.90, म्हणजे बसवर 1,000 किलोवॅट.

प्रवास: 1,000 किलोवॅट, 20 मिनिटे, 333 किलोवॅट-तास.
धक्क्याजवळची हालचाल: 600 किलोवॅट, 5 मिनिटे, 50 किलोवॅट-तास.
हॉटेल लोड: 120 किलोवॅट, 25 मिनिटे, 50 किलोवॅट-तास.

एका फेरीला 433 किलोवॅट-तास. आता आयुष्य बघा. वर्षाला 350 दिवस आणि 10 वर्षे धरली तर 70,000 वेळा चार्ज-डिस्चार्ज. एवढ्या फेऱ्यांत बॅटरी टिकवायची तर प्रत्येक वेळी क्षमतेच्या साधारण चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त काढू नये. नेमका आकडा सेल बनवणाऱ्याच्या आलेखातून घ्या. 433 भागिले 0.25 म्हणजे 1,732. आयुष्य संपताना क्षमता 80 टक्के उरते, म्हणून भागिले 0.8, आले 2,165. दोन खोल्यांत प्रत्येकी 1,100 किलोवॅट-तास बसवू.

लगेच फॉल्टच्या यादीकडे परत या. जुन्या झालेल्या बॅटरीची एक खोली बंद पडली तर 880 किलोवॅट-तास उरतात. पूर्ण फेरीत त्यातली निम्मी वापरली जाते. प्रवास 1,120 किलोवॅटवर होतो, म्हणजे डिस्चार्जचा दर 1.27 सी (तासाला क्षमतेच्या 1.27 पट). हे चालण्यासारखे आहे. न चालले असते तर आकार इथेच वाढवायचा.

चार्जिंगचा आकडा पाहून अनेकांना धक्का बसतो. 433 किलोवॅट-तास 8 मिनिटांत भरायला 3,250 किलोवॅट. तोटा धरून 3,420. धक्क्याला टेकून राहायला 100 आणि हॉटेल लोडचे 120 मिळवा: जवळपास 3,640 किलोवॅट. ही मागणी प्रत्येक धक्क्यावर 70 मिनिटांतून एकदा उसळते. सरासरी काढली तर फक्त 420 किलोवॅटच्या आसपास. एवढी उसळी गावाकडच्या फीडरला झेपत नाही, म्हणून धक्क्यावर बफर बॅटरी ठेवतात. नॉर्वेत 2015 मध्ये लाविक-ओपेडाल मार्गावर सुरू झालेल्या ‘अँपेअर’ या फेरीबोटीला हेच करावे लागले. बोटीवर सुमारे 1 मेगावॅट-तासाची बॅटरी, धक्क्यावर जेमतेम 10 मिनिटे, आणि स्थानिक लाइन अशक्त. म्हणून दोन्ही काठांवर वेगळ्या बॅटऱ्या.

एसी की डीसी, आणि किती व्होल्ट

स्रोत बॅटरी आणि मोटर ड्राइव्हवर, म्हणजे दोन्ही टोके डीसीचीच. मध्ये एसी घालून दोनदा रूपांतर करण्यात अर्थ नाही. काही मेगावॅटपर्यंतच्या बॅटरी जहाजांना साधारण 1,000 व्होल्ट डीसी सोयीचे पडते, कारण 690 व्होल्टच्या ड्राइव्हचा आतला डीसी लिंक तेवढाच असतो (690 गुणिले 1.35 म्हणजे 931) आणि त्याच घराण्यातली उपकरणे वापरता येतात. 1,500 व्होल्टपर्यंत डीसी ‘लो व्होल्टेज’मध्येच मोडते. मोठ्या क्रूझ जहाजांचे कित्येक मेगावॅट 1,000 व्होल्टवर न्यायचे तर बसबार अवाढव्य होतात, तिथे 6.6 किंवा 11 किलोव्होल्ट एसीच बरे.

बॅटरी बसला जोडताना

एका सेलचे व्होल्टेज 3.0 ते 4.2, सरासरी 3.7 धरू. करंट कमी पडावा म्हणून एका स्ट्रिंगमध्ये (एकामागे एक जोडलेल्या सेलच्या साखळीत) 240 सेल लावायचा मोह होतो. पूर्ण चार्जला त्याचे 1,008 व्होल्ट होतात. बस 1,000 व्होल्टची आणि मध्ये साधा बूस्ट चॉपर (बॅटरीचे व्होल्टेज बसपर्यंत चढवणारा कन्व्हर्टर) असेल तर बॅटरी बसपेक्षा वर जाताच चॉपरच्या डायोडमधून करंट आपोआप वाहू लागतो आणि नियंत्रण सुटते. 216 सेल घ्या: 648 ते 907 व्होल्ट, सरासरी 800. बसचे व्होल्टेज लोडखाली थोडे उतरले तरी अंतर शिल्लक राहते. 86 अँपिअर-तासाचे सेल घेतले तर स्ट्रिंग 69 किलोवॅट-तासाची, आणि एका खोलीत अशा 16 स्ट्रिंग.

चॉपर न घालता बॅटरी थेट बसला जोडता येते. एक-दोन टक्के तोटा वाचतो, जागा वाचते. पण मग बस 648 व्होल्टपर्यंत खाली जाऊ शकते, आणि तेव्हा ड्राइव्हमधून फार तर 458 व्होल्ट एसी निघतात. 690 व्होल्टची मोटर तिथे पूर्ण ताकद देणार नाही; मोटर कमी व्होल्टेजची, जास्त करंटची घ्यावी लागते. शिवाय दहा वर्षांत एका खोलीतल्या बॅटऱ्या बदलल्या तर नव्या-जुन्यांमध्ये लोड नीट वाटला जात नाही. दोन खोल्यांच्या बोटीला चॉपरच घ्यावा असे आमचे मत.

प्रीचार्ज, म्हणजे आधी रेझिस्टरमधून बस हळूहळू भरणे, विसरू नका. बसवर कपॅसिटर रिकामे असताना कॉन्टॅक्टर (विजेने चालणारा मोठा स्विच) जोडला तर त्याचे तोंड वितळून चिकटते. 20 मिलिफॅरड आणि 50 ओमचा रेझिस्टर धरला तर टाइम कॉन्स्टंट 1 सेकंद. 5 सेकंदांत बस भरते आणि रेझिस्टरमध्ये दरवेळी 10 किलोज्यूल उष्णता जाते. रेझिस्टर याच आकड्यावर निवडा आणि ओळीने तीन अपयशी प्रयत्नांनंतर लॉक करा. बसवर शॉर्ट असताना कोणी बटण दाबत राहिले तर रेझिस्टर सतत 20 किलोवॅटवर तापतो.

बॅटरी खोलीबद्दल थोडेच, कारण तो स्वतंत्र विषय आहे. सेल बिघडला की आग दिसण्याआधी ज्वालाग्राही वायू निघतो, म्हणून वायूचा डिटेक्टर, थेट उघड्या डेकवर जाणारा एग्झॉस्ट आणि आगरोधक भिंती लागतात. 2019 मध्ये नॉर्वेच्या ‘युटरॉयनिंगेन’ फेरीवर बॅटरी खोलीत आग लागली आणि दुसऱ्या दिवशी साठलेल्या वायूचा स्फोट झाला. एग्झॉस्ट पंख्याचा पुरवठा त्याच बॅटरीच्या बसवरून देऊ नका.

शॉर्ट सर्किट: डीसीचा खरा अवघड भाग

डीसी बसवर शॉर्ट झाला की करंट तीन लाटांत येतो. पहिली लाट ड्राइव्हच्या कपॅसिटरची. शिखराचा अंदाज व्होल्टेज गुणिले कपॅसिटन्स-इंडक्टन्सच्या भागाकाराचे वर्गमूळ असा निघतो. 1,000 व्होल्ट, 20 मिलिफॅरड आणि मार्गात 2 मायक्रोहेन्री असतील तर 100 किलोअँपिअर, आणि तेही 0.3 मिलिसेकंदात. मार्गात 10 मायक्रोहेन्री असतील तर 45 किलोअँपिअर, 0.7 मिलिसेकंदात. कुठलाही यांत्रिक ब्रेकर एवढ्यात हलत नाही.

दुसरी लाट बॅटरीची. सेलमागे 1 मिलिओम आणि जोडण्या-केबलचे 50 मिलिओम धरले तर स्ट्रिंगचे 0.266 ओम, 800 व्होल्टला 3 किलोअँपिअर. 16 स्ट्रिंगचे 48, टाय जोडलेला असेल तर दोन्ही खोल्यांचे 96. बूस्ट चॉपर असल्याने हा करंट अडेल असे समजू नका. बस कोसळली की तो डायोडमधून सरळ जातो. तिसरी लाट चार्जिंग चालू असताना काठावरून येणारी.

संरक्षणाचा क्रम असा ठेवा. सर्वांत आधी बस-टाय उघडला पाहिजे, कारण निरोगी बाजूचे कपॅसिटर रिकामे होण्याआधी तिला फॉल्टपासून तोडायचे आहे. हे काम सेमिकंडक्टर स्विचचे. टायमध्ये मुद्दाम 10 मायक्रोहेन्रीची रिॲक्टर (कॉइल) घातली तर करंट मायक्रोसेकंदाला 100 अँपिअरने वाढतो, आणि 20 मायक्रोसेकंदांत स्विचला फक्त 2 किलोअँपिअर तोडावे लागतात. त्यानंतर बिघडलेल्या बाजूवर त्या फीडरचा फास्ट फ्यूज उडतो. कपॅसिटर आणि बॅटरी मिळून तो उडवण्याइतकी ऊर्जा देतात का, हे प्रत्येक फ्यूजसाठी तपासा.

सगळे कमाल करंट काढतात. किमान करंट काढायचा राहतो. बॅटरी रिकामी, 648 व्होल्टवर, थंडीत सेलचा रेझिस्टन्स दुप्पट: स्ट्रिंगमधून जेमतेम 1.35 किलोअँपिअर. चार्जिंगचे 127 अँपिअर धरून निवडलेल्या 250 अँपिअरच्या फ्यूजच्या हे साडेपाच पट होतात. हे फास्ट, म्हणजे सेमिकंडक्टर, फ्यूज कमी ओव्हरलोडवर तोडण्यासाठी बनलेले नसतात; ठरावीक पटीखाली ते आतल्या आत तापत राहतात आणि फुटतात. दुसरीकडे स्ट्रिंगचा कॉन्टॅक्टर काहीशे अँपिअरवर घाबरून उघडायला गेला तर आर्क तुटत नाही. म्हणून एका कागदावर दोन्हींचे आलेख मांडा: अमुक करंटपर्यंत कॉन्टॅक्टर तोडेल, त्यापुढे तो मुद्दाम जोडलेलाच राहील आणि फ्यूज तोडेल. दोन्हींच्या मध्ये पट्टा रिकामा राहिला तर कॉन्टॅक्टर किंवा फ्यूज बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हॉटेल लोड: ब्रेकर पडतच नाही

दिवे, पंप, वातानुकूलन यांना 400/230 व्होल्ट एसी लागते. इन्व्हर्टर, फिल्टर आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर अशी साखळी येते. इन्व्हर्टर फॉल्टला आपल्या क्षमतेच्या दीड-दोन पटीपेक्षा जास्त करंट देत नाही. 200 केव्हीएच्या इन्व्हर्टरचा पूर्ण करंट 289 अँपिअर, दुप्पट 577. सी प्रकारचा एमसीबी (लहान ब्रेकर) तत्काळ पडायला दहापट करंट लागू शकतो, म्हणजे 50 अँपिअरपर्यंतचाच चालतो. त्याहून मोठ्या ब्रेकरच्या मागे शॉर्ट झाला तर तो पडण्याआधी इन्व्हर्टरच ट्रिप होतो आणि अख्खी बाजू अंधारात. उपाय तीन: इन्व्हर्टर मोठा घ्या, मोठे फीडर लहान भागांत फोडा, किंवा बी प्रकारचा, नाहीतर ट्रिप युनिट खाली आणता येणारा ब्रेकर लावा. इन्व्हर्टर ठरावीक काळ, निदान काही सेकंद, फॉल्ट करंट देत राहील अशी अट खरेदीतच लिहा.

ट्रान्सफॉर्मर चालू करताना इन्व्हर्टरने व्होल्टेज हळूहळू शून्यापासून चढवावे. चालू बोर्डवर दुसरा ट्रान्सफॉर्मर थेट टाकला तर त्याचा इनरश (सुरुवातीचा उसळता करंट) पूर्ण करंटच्या दहापटीच्या घरात जातो, आणि इन्व्हर्टर पुन्हा ट्रिप.

अर्थिंग आणि काठाची जोडणी

मुख्य बस जमिनीपासून, म्हणजे हलपासून (जहाजाच्या लोखंडी सांगाड्यापासून), वेगळी ठेवतात. पहिल्या अर्थ फॉल्टला काहीच बंद पडत नाही, फक्त अलार्म येतो. त्या अलार्मकडे दुर्लक्ष केले तर दुसऱ्या ध्रुवावरचा फॉल्ट हा सरळ शॉर्ट सर्किट ठरतो. इन्सुलेशन मॉनिटर प्रत्येक बसला हवा, पण टाय जोडला की दोन मॉनिटर एकमेकांचे सिग्नल बिघडवतात. एकाला आपोआप थांबवणारे इंटरलॉक घाला. ड्राइव्हच्या फिल्टरमधले अर्थला जोडलेले कपॅसिटर मॉनिटरला संथ करतात, म्हणून खरेदीआधी एकूण कपॅसिटन्स मोजून उत्पादकाला द्या.

काठावरच्या पुरवठ्याचा न्यूट्रल बहुधा अर्थ केलेला असतो. मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर जहाजाची वेगळी ठेवलेली यंत्रणा क्षणात अर्थ होते. प्लगमध्ये पायलट संपर्क (आधी सुटून इशारा देणाऱ्या छोट्या पिना) असे ठेवा की मुख्य पिना सुटण्याआधी करंट शून्य होईल. लाटेने बोट हलली तर प्लग लोडखाली ओढला जाणारच.

केबल

सागरी तक्ते 45 अंश हवेवर आधारलेले असतात. तक्त्यात 500 अँपिअर लिहिलेली केबल 55 अंशांच्या यंत्रखोलीत (गुणक 0.88, 90 अंशांच्या इन्सुलेशनसाठी) सहापेक्षा जास्त केबलच्या जुडग्यात (0.85) टाकली की 374 अँपिअरची उरते. एका खोलीवर 1,120 किलोवॅट आले तर 800 व्होल्टला 1,400 अँपिअर. तक्ता नुसता वाचला तर तीन समांतर केबल पुरतील असे वाटते, लागतात चार. चारही सारख्या लांबीच्या ठेवा, नाहीतर आखूड केबल जास्त करंट उचलते. प्लस-मायनस शेजारी-शेजारी न्या. दोन्ही बसच्या केबल एकाच ट्रेमधून नेल्या तर वर केलेली सगळी विभागणी एका आगीत वाया जाते.

ड्राइव्ह ते मोटर ही केबल समतोल, शिल्ड असलेली आणि शक्य तितकी आखूड हवी. मोटरचे मागचे बेअरिंग इन्सुलेटेड मागवा. नाहीतर उच्च वारंवारतेचा करंट बेअरिंगच्या बॉलवर बारीक खड्डे पाडतो.

नियंत्रण आणि आपत्कालीन पुरवठा

डीसीमध्ये फ्रीक्वेन्सी नसते, म्हणून लोड वाढल्याची खूण व्होल्टेजच देते. लोड नसताना बसला 1,000 व्होल्ट, पूर्ण लोडला 970 असा उतार चॉपरमध्ये ठेवा. 950 खाली ड्राइव्हने स्वतःच, वरच्या संगणकाची वाट न बघता, ताकद कमी करावी. नेटवर्कवरून आज्ञा येईपर्यंत बस कोसळलेली असते. उलट बाजूही बघा: तातडीने बोट थांबवताना फिरता प्रोपेलर वीज परत पाठवतो, आणि बॅटरीने चार्ज घ्यायला नकार दिला तर बस चढते. 1,080 च्या आसपास ब्रेकिंग रेझिस्टर चालू व्हावा.

मुख्य बॅटरी कितीही मोठी असो, आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या जहाजाला सोलास (समुद्रावरील सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) नियमांनुसार आपत्कालीन स्रोत वेगळा, वेगळ्या जागी लागतो: प्रवासी जहाजाला 36 तास, मालवाहू जहाजाला 18 तास, आणि जनरेटर असेल तर 45 सेकंदांत लोड उचलणारा. फक्त देशांतर्गत चालणाऱ्या बोटींचे नियम देशागणिक वेगळे असतात. ते वर्गीकरण संस्थेकडून (जहाज तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेकडून) आराखड्याच्या पहिल्याच बैठकीत लेखी घ्या.

चाचणी

इन्सुलेशन मोजताना इलेक्ट्रॉनिक्स सोडवून ठेवा. 1,000 व्होल्टपर्यंतच्या यंत्रणेला 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर) 1 मेगाओम हा किमान आकडा आहे; नव्या केबलवर तेवढेच आले तर कुठेतरी ओल किंवा खरचटलेले टोक आहे, शोधा.

धक्क्याला बांधलेल्या बोटीवर प्रत्येक संरक्षण खोट्या सिग्नलने पाडून बघा. मग समुद्रात, टाय जोडलेला, दोन्ही थ्रस्टर पूर्ण लोडवर असताना, एक बॅटरी खोली एकदम तोडा. टाय, ड्राइव्ह आणि हॉटेल इन्व्हर्टर यांचे व्होल्टेज-करंट मायक्रोसेकंदाच्या रेकॉर्डरवर घ्या; पडद्यावरचा ट्रेंड सेकंदाला एक नोंद घेतो, त्यात काही दिसत नाही. त्यानंतर एक बस पूर्ण बंद करा, मग कूलिंगचा एकेक पंप, मग 24 व्होल्टचा एकेक पुरवठा, म्हणजे सुरुवातीच्या तक्त्यातली प्रत्येक ओळ. शेवटी बोट पूर्ण अंधारात टाका आणि कोणाचीही मदत न घेता ती किती वेळात उठते ते घड्याळावर मोजा. चाचणीत बदललेली प्रत्येक सेटिंग संरक्षणाच्या आलेखांच्या (कोऑर्डिनेशनच्या) कागदावर चढवली गेली आहे का ते पाहूनच बोट ताब्यात घ्या.